पहिला जबाब

मानवी हक्क म्हटलं की डोळ्यांपुढे जिनिव्हातली सभागृहं येतात, ठराव येतात, भाषणं येतात. एखादं प्रकरण तगणार की कोलमडणार, हे मात्र बहुतेकदा त्याच्या खूप आधी ठरून गेलेलं असतं. कोठडीतून सुटून आलेल्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदा "काय झालं?" असं विचारतं आणि ऐकलेलं कागदावर उतरवतं, तेव्हा. माणूस खरं सांगत असतो, मार खरा असतो, तरी तक्रार पहिल्याच पायरीवर अडते, कारण जबाबात "खूप मारलं" एवढंच असतं. कधी, कुठे, कशाने, कुणी, कशासाठी, यातलं काहीच नसतं. मग दोन वर्षांनी दुसरा जबाब होतो, त्यात तारीख वेगळी पडते, आणि समोरचा वकील त्या एका तारखेला धरून सगळं प्रकरण आडवं करतो.

हे लिखाण त्या पहिल्या जबाबाबद्दल आहे. वकील नसलेल्या, पण अशा वेळी नेमक्या तिथे असणाऱ्या लोकांसाठी: परिचारिका, शिक्षक, संघटनेचे कार्यकर्ते, वार्ताहर, शेजारी.

पहिला प्रश्न स्वतःलाच विचारायचा: हा जबाब मीच घ्यायला हवा का? पुष्कळदा उत्तर "नाही" असतं. एकदोन दिवसांत प्रशिक्षित माणूस पोहोचणार असेल तर थांबलेलं बरं. प्रत्येक नव्या जबाबात माणूस तेच सगळं पुन्हा भोगतो, आणि प्रत्येक जबाबात थोडा फरक पडतोच. तोच फरक पुढे "विसंगती" म्हणून वाचला जातो. लहान मूल असेल किंवा लैंगिक अत्याचार झालेला असेल, तर अप्रशिक्षित माणसाने खोलात शिरूच नये. तिथे काम वेगळं असतं आणि ते घड्याळाशी बांधलेलं असतं. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, गर्भधारणा टाळणारी तातडीची गोळी १२० तासांच्या आत घ्यावी लागते, आणि दोन्ही जितक्या लवकर तितक्या उपयोगी. डॉक्टर आधी, जबाब नंतर. युद्धकाळातल्या लैंगिक हिंसेच्या नोंदी घेणाऱ्यांसाठी २०२२ साली मुराद संहिता आली, तिचा गाभाही हाच आहे: माहिती गोळा करण्याची घाई माहिती देणाऱ्याच्या जिवावर येऊ नये.

आता संमती. "सांगाल ना?" "हो" ही संमती नव्हे. चार वेगवेगळ्या गोष्टींना चार वेगवेगळे होकार लागतात: मी हे लिहून घेऊ का, वकिलाला किंवा मानवी हक्क आयोगाला देऊ का, छापील अहवालात वापरू का, आणि नाव किंवा चेहरा दाखवू का. पहिल्या तिघांना हो आणि चौथ्याला नाही, असं अगदी सर्रास होतं. म्हणून प्रत्येकाची नोंद वेगळी ठेवा. सही देणं धोक्याचं असेल तर तोंडी होकार ध्वनिमुद्रित करा, किंवा होकार कधी आणि कुणासमोर दिला ते लिहून ठेवा. आणि काय होणार नाही, तेही आधीच सांगा. पैसे मिळतील, आश्रय मिळेल, गुन्हेगाराला शिक्षा होईल, यातलं काहीही तुमच्या हातात नसतं. असं आश्वासन दिलं, तर पुढे "आमिष दाखवून जबाब घेतला" हा आरोप फुकट ओढवून घ्याल.

दुभाषी लागला तर नातेवाईक नको. बायकोसमोर नवरा मार सांगेल, नागडं केल्याचं सांगणार नाही. दुभाष्याने "मी" हे "मी" म्हणूनच सांगायचं. "तो म्हणतोय की त्याला नेलं" असं नाही, "मला नेलं" असं. आणि "त्याला म्हणायचंय की" असं म्हणत स्वतःची डागडुजी करायची नाही.

खुर्ची, पाणी, दार

बसायची जागा ही सजावट नाही. ज्याला कोठडीत भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं, त्याला दाराकडे पाठ करून बसवू नका. दार दिसू द्या, बंद ठेवायचं की उघडं ते त्याला ठरवू द्या. टेबलापलीकडे बसून समोर दिवा लावलेला असला, तर तुम्ही चौकशी अधिकारीच दिसता. पाणी आधीच ठेवा. दर पाऊण तासाने थांबू, आणि तुम्ही म्हणाल तेव्हाही थांबू, हे सुरुवातीलाच सांगून टाका.

पहिला भाग अखंड ऐकण्याचा. "त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते तुमच्या पद्धतीनं सांगा," एवढं म्हणा आणि गप्प बसा. नवख्याला चूप बसणं जड जातं. माणूस थांबला की तो लगेच प्रश्न टाकतो, आणि बरेचदा सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्या थांबण्याच्या पलीकडेच असते. विचारपूस करण्याच्या परिणामकारक पद्धतींबद्दल २०२१ साली जी मेंडेझ तत्त्वं तयार झाली, ती पोलिसांसाठी लिहिलेली असली तरी आपल्या कामाची आहेत: दबावाने माहिती वाढत नाही, बिघडते.

सगळं सांगून झालं की मग प्रश्न. प्रश्नात उत्तर भरू नका. "त्यांनी तुम्हाला विजेचे झटके दिले का?" याऐवजी "मग त्यांनी काय केलं?" पहिल्या प्रश्नाला दमलेला माणूस "हो" म्हणून मोकळा होतो, आणि ते "हो" निरुपयोगी असतं.

तारखा जुळत नाहीत म्हणून घाबरू नका, आणि रागावू तर मुळीच नका. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या, झोपू न दिलेल्या माणसाला दिवस मोजता येत नाहीत. आघाताची आठवण तुकड्यांत राहते: बुटांचा आवाज स्पष्ट, वार मात्र पुसलेला. अशा वेळी खुंट्या शोधायच्या. तेव्हा शाळा सुरू होती का? पाऊस होता का? जेवण किती वेळा आलं? प्रार्थनेची हाक, रेल्वे, कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा का? जेवणाच्या खेपा मोजून कोठडीतले दिवस काढता येतात, आणि रेल्वेच्या आवाजावरून इमारत. आणि जे आठवत नाही ते "आठवत नाही" असंच लिहा. भरून काढलेल्या तारखेपेक्षा रिकामी जागा शंभर पटींनी बरी.

"खूप मारलं" हे वाक्य उलगडताना

कुठला प्रश्न विचारायचा, हे कायदा नेमकं काय मोजतो त्यावरून ठरतं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त जबाब इथेच वाया जातात.

संयुक्त राष्ट्रांचा छळाविरुद्धचा करार १९८४ चा, लागू झाला १९८७ साली. त्याच्या पहिल्या कलमातली छळाची व्याख्या चार गोष्टी मागते: तीव्र वेदना किंवा यातना, शारीरिक वा मानसिक, ती जाणूनबुजून दिलेली, काहीतरी हेतूने, म्हणजे कबुली, माहिती, शिक्षा, धाक किंवा भेदभाव, आणि सरकारी माणसाने स्वतः, त्याच्या सांगण्यावरून किंवा त्याच्या मूक संमतीने. बहुतेक जबाबांत पहिली गोष्ट असते, चौथी अर्धवट असते, आणि हेतू पूर्ण गायब असतो. तो मिळतो एका साध्या प्रश्नातून: "मारताना ते काय बोलत होते?" "सही कर" असं म्हणत होते, "तुमची जातच अशी" असं म्हणत होते, "बाहेर बोललास तर बघ" असं म्हणत होते. शब्द जसेच्या तसे, शिवीसकट, अवतरणात लिहा. सभ्य करून लिहिलेल्या शिवीत पुरावा उरत नाही.

मग "खूप मारलं" असं उलगडतं: "तिघे होते. दोघे खाकी कपड्यांत, एक साध्या. साध्या कपड्यातल्याला बाकीचे साहेब म्हणत होते. मला पालथं पाडून एकाने पाय धरले. दुसऱ्याने तळपायांवर काळ्या रबरी नळीने मारलं, किती वेळा ते मोजलं नाही, मध्ये दोनदा थांबले. प्रत्येक वेळी साहेब विचारायचा, कागदावर सही करतोस का. नंतर मला उठवून चालायला लावलं." एवढ्यात चारही गोष्टी आल्या, आणि एकही विशेषण लागलं नाही. "अमानुष", "निर्घृण" हे शब्द जबाबात दिसले की मला धास्ती वाटते. ते लिहिणाऱ्याचे असतात, सांगणाऱ्याचे नसतात, आणि वाचणाऱ्या न्यायाधीशाला ते लगेच कळतं.

एकांत कोठडीचंही तसंच. कैद्यांना वागवण्याचे किमान नियम २०१५ साली सुधारले गेले, त्यांना मंडेला नियम म्हणतात. त्यातला ४४ वा नियम आकड्यांत बोलतो: दिवसाला २२ तास किंवा अधिक, माणसाशी अर्थपूर्ण संपर्काशिवाय, म्हणजे एकांतवास, आणि तो सलग १५ दिवसांहून जास्त चालला की प्रदीर्घ एकांतवास, ज्याला ४३ वा नियम साफ मनाई करतो. तेव्हा "बरेच दिवस एकट्याला ठेवलं" याने काही होत नाही. बाहेर किती वेळ काढत? कुणाशी बोलणं होई? जेवण हातात मिळे की फटीतून सरकवत? मध्ये एखादा दिवस दुसऱ्यांबरोबर ठेवलं होतं का? शेवटचा प्रश्न नकोसा वाटतो, कारण त्याचं उत्तर सलग दिवसांची मोजणी तोडू शकतं. पण ते तुम्ही विचारलं नाही, तर समोरचा विचारेलच.

माणूस बेपत्ता केला जातो तेव्हा घरच्यांच्या जबाबात उचलून नेल्याचं वर्णन भरपूर असतं: गाडीचा रंग, वेळ, किती जण. पण सक्तीने बेपत्ता करण्याच्या व्याख्येत नेण्याइतकाच वजनाचा भाग आहे तो नाकारण्याचा. राज्याच्या माणसांनी किंवा त्यांच्या पाठबळाने नेलं, आणि नंतर ते कबूल करायला किंवा तो कुठे आहे हे सांगायला नकार दिला. म्हणून प्रत्येक नकाराची नोंद हवी: कुठल्या कार्यालयात गेलात, कितव्या तारखेला, कोण होतं, त्याने नेमकं काय म्हटलं, अर्ज घेतला का, पोच दिली का. पोच द्यायला नकार दिला, तर ती तारीख आणि बरोबर कोण होतं ते लिहा. अर्ज नोंदणीकृत टपालाने पाठवा आणि टपालाची पावती जपा. न घेतलेल्या अर्जाची ही पावती अनेकदा सगळ्यात बोलका कागद ठरते.

सक्तीच्या मजुरीत मारहाण नसेलही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना ११ खुणा सांगते, त्यात ओळखपत्रं काढून घेणं, मजुरी अडवणं, कर्जात बांधणं, येण्याजाण्यावर बंदी, एकटं पाडणं या येतात. इथे जबाबाइतकीच वही महत्त्वाची: उचल किती, दर आठवड्याला काय वजा झालं, कशाच्या नावाने. मुकादमाच्या वहीच्या पानाचा फोटो मिळाला, तर अर्धं काम झालं.

शरीरावरच्या खुणा

छळाच्या वैद्यकीय नोंदींसाठी इस्तंबूल नियमावली आहे, १९९९ ची, २०२२ साली सुधारलेली. तिच्याप्रमाणे डॉक्टर "छळ झाला" असं ठोकून देत नाही. सांगितलेली हकिकत आणि दिसणारी खूण कितपत जुळते, ते पाच पायऱ्यांवर सांगतो: जुळत नाही, जुळू शकते, बऱ्याच अंशी जुळते, अशाच कारणाने सहसा होते, आणि दुसऱ्या कशानेही होऊच शकत नाही. पहिल्या जबाबात खुणेची जागा आणि ती कशाने झाली हे नीट नसेल, तर डॉक्टरला जुळवायला काही उरतच नाही.

डॉक्टर दूर असेल तर फोटो तुम्हीच काढा, पण चेहऱ्याची ओळख खुणेच्या फोटोत मिसळू नका. प्रत्येक खुणेचे तीन फोटो: लांबून (शरीरावर जागा कळेल असा), मध्यम अंतरावरून, आणि जवळून, मोजपट्टी शेजारी ठेवून, कॅमेरा त्वचेला अगदी समोरासमोर धरून. तिरका धरला की लांबी खोटी पडते. मोजपट्टी नसेल तर नाणं ठेवा, आणि ते नाणं नंतर मोजता यावं म्हणून जपून ठेवा. फ्लॅशशिवाय एक, फ्लॅशसह एक. दोन दिवसांनी पुन्हा काढा, कारण खोलवरचा मार उशिरा वर उमटतो. एक चूक जाणकारही करतात: रंगावरून वळाचं वय सांगणं. "हिरवट आहे म्हणजे पाच दिवसांपूर्वीचा" हे विज्ञानाला धरून नाही. रंग लिहा, वय लिहू नका. खूण नसेल तर "खूण दिसत नाही" एवढंच लिहा. छळाच्या अनेक पद्धती मुद्दाम खुणा न ठेवणाऱ्या असतात, त्यामुळे खूण नसणं म्हणजे छळ नसणं नव्हे.

व्हिडिओ असला तर मूळ फाइल हवी. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ आकसतो आणि त्यातला मेटाडेटा, म्हणजे वेळ, जागा, यंत्राची माहिती, गळून पडतो. ज्याने चित्रण केलं त्याच्या फोनवरून सरळ प्रत घ्या. लगेच फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे एक प्रकारे फाइलच्या अंगठ्याचा ठसा, काढा. ६४ अक्षर-आकड्यांची ही ओळ फाइलमधला एक बिंदू बदलला तरी पूर्ण बदलते. ती कागदावर लिहा, तारीख घाला, सही करा. मूळ फाइल उघडून कापछाट करू नका, चेहरे झाकायचे तर प्रतीत झाका. इंटरनेटवरून गोळा केलेल्या पुराव्यासाठी २०२० साली आलेली बर्कली नियमावली याच शिस्तीने चालते.

साठवणीचं थोडक्यात: नावाऐवजी सांकेतिक क्रमांक, नाव-क्रमांकाची यादी जबाबांपासून वेगळ्या जागी, दोन्ही कुलूपबंद किंवा एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे पासवर्डशिवाय न उघडणाऱ्या, डिस्कवर, आणि एक प्रत धाड पडणार नाही अशा ठिकाणी.

कुठे पाठवायचं, आणि कधीपर्यंत

सगळ्यात महागडी चूक: आधी देशातले सगळे दरवाजे ठोठावायचे, मगच बाहेर जायचं, हा नियम सगळीकडे लागू आहे असं समजून वाट बघत बसणं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क करारांखाली नेमलेल्या समित्यांना तो लागू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेच्या विशेष प्रतिवेदकांना, म्हणजे एकेका विषयावर नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांना, आणि मनमानी अटकेवरच्या कार्यगटाला तो लागू नाही. माणूस आज कोठडीत असेल तर तिथे आजच तातडीचं पत्र जाऊ शकतं. बेपत्ता व्यक्तींवरचा कार्यगट, १९८० पासूनचा, नेल्यापासून तीन महिन्यांच्या आतलं प्रकरण तातडीचं म्हणून हाताळतो. नंतर आलेलं साध्या रांगेत जातं.

समित्यांकडे जायचं तर आधी बघा की तुमच्या देशाने तो वैयक्तिक तक्रारीचा मार्ग स्वीकारलाय का. करार स्वीकारणं आणि तक्रारीचा हक्क स्वीकारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे फार लोक फसतात. निनावी तक्रार चालत नाही, पण प्रकाशित निर्णयात नाव झाकून मागता येतं. तेच प्रकरण एकाच वेळी दुसऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेपुढे तपासणीला असलं की दार बंद होतं. मुदती वेगवेगळ्या: वंशभेदाविरुद्धच्या समितीकडे देशातला शेवटचा निर्णय लागल्यापासून ६ महिने, आर्थिक-सामाजिक हक्कांच्या समितीकडे १ वर्ष, युरोपीय मानवी हक्क न्यायालयात ४ महिने. शेवटची मुदत पूर्वी ६ महिन्यांची होती, फेब्रुवारी २०२२ पासून कमी झाली, आणि जुनं मार्गदर्शन वाचून काम करणारे आजही तिथे आपटतात. नागरी आणि राजकीय हक्कांच्या समितीकडे ठाम मुदत नाही, पण देशातला शेवटचा निर्णय लागून ५ वर्षं उलटली की तो तक्रारीच्या हक्काचा गैरवापर धरला जाऊ शकतो. फाशी किंवा हद्दपारी तोंडावर असेल तर "भरून न येणारं नुकसान" असं स्पष्ट लिहून अंतरिम उपाय, म्हणजे निर्णय येईपर्यंत ती थांबवणं, मागा, अर्जाच्या पहिल्याच पानावर. सातव्या पानावरची तातडी कुणाला दिसत नाही.

शब्दाला इथे किती वजन असतं याचं एक जुनं उदाहरण. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात आधी "सर्व पुरुष" असा अर्थ निघू शकेल असा इंग्रजी शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता अडून बसल्या आणि तिथे "सर्व मानव" आलं. दोन शब्दांसाठी अडून बसायची तयारी जबाब लिहिणाऱ्यालाही हवी.

लिहून झाल्यावर पूर्ण जबाब सांगणाऱ्याच्या भाषेत त्याला वाचून दाखवा. दुरुस्ती त्याने सुचवली तर जुनं खोडू नका. एक रेघ मारा, खाली नवं लिहा, शेजारी दोघांची आद्याक्षरं. प्रत्येक पानावर पानाचा क्रमांक आणि एकूण पानं. त्याला प्रत हवी का विचारा, आणि ती घरात सापडली तर काय होईल हेही त्याच्याशी बोला. बरेच जण प्रत घेत नाहीत, ते बरोबरच असतं.

शेवटी संपर्क. समितीचा निर्णय यायला वर्षं लागतात, तोवर सरकारचं उत्तर येतं आणि त्यावर ठरलेल्या मुदतीत म्हणणं मांडावं लागतं. तोपर्यंत सांगणारा गाव सोडून गेलेला असतो, नंबर बदललेला असतो. म्हणून जबाबाच्या दिवशीच अशा एका माणसाचं नाव त्याच्या संमतीने घ्या, जो कुठेही न हलता त्याच जागी राहणार आहे, आणि फोन केला तर काय म्हणून ओळख सांगायची तेही ठरवा. "मोठ्या बहिणीच्या शिवणाच्या कापडाबद्दल" असं काहीतरी. फोन दुसऱ्याच कुणी उचलला तरी त्यात संशय घेण्यासारखं काही नसावं.